जगाची खबरबात : बाथर्स्टच्या घाटातली हजार किलोमीटरची शर्यत

ऑस्ट्रेलियात सिडनी शहरापासून पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटर गेले, मधली डोंगररांग ओलांडली, की बाथर्स्ट नावाचे गाव लागते. मेंढ्या, गुरे, गहू आणि फळबागा यांचा हा मुलूख. 1815 साली हे गाव वसले. समुद्रकिनारा सोडून गोऱ्या लोकांनी देशाच्या आतल्या भागात वसवलेले हे पहिले गाव. पुढे 1851 साली जवळपास सोने सापडले आणि गावाचे नाव गाजले. पण आज तिथल्या कोणाही शाळकरी पोराला बाथर्स्टचे नाव सांगून पाहा. तो सोन्याची गोष्ट काढणार नाही. तो मोटारींच्या शर्यतीचीच गोष्ट काढील.

गावाला लागून एक डोंगर आहे, माउंट पॅनोरमा. तिथले मूळ रहिवासी वायराजुरी लोक. त्यांच्या भाषेत त्याचे नाव वाहलू. 1938 साली या डोंगरावर एक रस्ता पुरा झाला. रस्ता पायथ्यापासून निघतो, घाटाने वर चढतो, माथ्यावरून नागमोडी जातो आणि दुसऱ्या अंगाने उतरून जिथून निघाला तिथेच परत येऊन मिळतो. आज हा वळसा 6 किलोमीटर 213 मीटरचा आहे. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचा चढ 174 मीटरचा. गंमत अशी की वर्षातले बहुतेक दिवस हा साधा सार्वजनिक रस्ता असतो. कडेने घरे आहेत, मळे आहेत, द्राक्षबागा आहेत. लोक आपापल्या गाड्या घेऊन त्यावरून जातात, आणि वेग ताशी 60 च्या वर गेला तर पोलीस दंड करतात. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मात्र हाच रस्ता शर्यतीला मोकळा करून देतात, आणि त्याच उतारावरून मोटारी ताशी तीनशे किलोमीटरच्या जवळपास धावतात.

अशा 161 फेऱ्या. एकूण अंतर हजार किलोमीटर, वेळ सहा-साडेसहा तास. मुंबईहून नागपूर गाठावे आणि वर आणखी दीडशे किलोमीटर पुढे जावे, एवढी ही मजल. चढाचा हिशेब मांडला तर आणखी नवल वाटते. दर फेरीला 174 मीटर म्हणजे दिवसभरात 28 हजार मीटर चढण झाली. एव्हरेस्ट शिखर तीनदा समुद्रसपाटीपासून चढावे, तरी थोडी चढण उरेल. आणि जेवढे चढायचे तेवढेच उतरायचेही, ते ब्रेकच्या भरवशावर.

मंडळी, शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वेग येतो. पण इतक्या लांबच्या शर्यतीत नुसता वेग पुरत नाही. एक फेरी जोरात मारणारे पुष्कळ असतात. 161 फेऱ्या तीच गाडी, तेच ब्रेक, तीच माणसे घेऊन तडीला नेणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती घरच्या शेडमध्ये, महिनोन् महिने, पाना आणि वही हातात घेऊन साधावी लागते. या अंकात तीच हकिकत सांगतो.

आधी थोडा इतिहास. ही शर्यत सुरू झाली 1960 साली, मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडवर. तेव्हा ती 500 मैलांची, म्हणजे आठशे किलोमीटरची होती. तिथला रस्ता गाड्यांच्या माऱ्याने उखडला, तेव्हा 1963 साली शर्यत बाथर्स्टला आली. 1973 पासून ती पुरी हजार किलोमीटरची झाली. सुरुवातीचा नियम मोठा मजेदार होता. गाडी दुकानातून विकत मिळते तशीच हवी, तिच्यात फार फेरफार चालत नसत. यांना टूरिंग कार म्हणतात त्याचे मूळ यातच आहे. बायकामुलांना घेऊन फिरायला जायची, छप्पर असलेली घरगुती गाडी ती टूरिंग कार. एकच माणूस बसेल अशी उघड्या चाकांची जी गाडी असते, ती जात निराळी. कोणती गाडी टिकाऊ आहे हे लोकांना कळावे, हाच पहिला हेतू.

1966 सालचा निकाल पाहा. त्या वर्षी पहिल्या नऊच्या नऊ जागा एका चिमुकल्या गाडीने पटकावल्या, मिनी कूपर एस. मोठ्या इंजिनाच्या गाड्या सरळ रस्त्यावर तिला सहज मागे टाकत. पण मोठी गाडी जड, जड गाडीचे टायर लवकर झिजतात, ब्रेक लवकर तापतात, तेलही जास्त लागते. मिनी हलकी, घाटात चपळ आणि खायला थोडी. संध्याकाळी हिशेब झाला तेव्हा थोडे खाणारी पुढे होती.

पुढे नियम बदलत गेले. आजच्या गाड्या वरून ओळखीच्या दिसल्या तरी आतून पूर्ण शर्यतीच्याच असतात. अनेक दशके ही झुंज होल्डन आणि फोर्ड या दोन कंपन्यांची होती, आणि घराघरांत होल्डनवाले आणि फोर्डवाले असे तट पडलेले असत. बाप एका बाजूचा, सासरा दुसऱ्या बाजूचा, मग जेवायला बसल्यावर वाद ठरलेला. 2020 साली होल्डन हे नावच बंद करण्याचा निर्णय झाला. 2023 पासून फोर्ड मस्टँगसमोर शेवरोले कॅमारो उभी राहिली. वाद मात्र चालूच आहे.

आता शेडमध्ये जाऊ. शर्यतीच्या कित्येक आठवडे आधी गाडी पूर्ण उकलतात. इंजिन बाहेर, गिअरपेटी बाहेर, चाके, ब्रेक, स्टिअरिंग सगळे सुटे. नुसता पत्र्याचा सांगाडा उरतो, आणि त्याच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडलेला असतो. गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून तो पिंजरा. त्या पिंजऱ्याचा सांधा न् सांधा तपासतात. कुठे केसाएवढी चीर दिसली तरी पुन्हा वेल्डिंग.

सुट्या भागांची एक वही असते. आजकाल ती संगणकात असते, पण वहीच म्हणू. प्रत्येक भाग किती किलोमीटर धावला हे तीत लिहिलेले असते. अमुक बेअरिंग इतके धावले, अमुक शाफ्ट इतका धावला. त्या भागाचे आयुष्य किती हे अनुभवाने ठरलेले असते, आणि ते संपायच्या आधीच भाग काढून टाकतात, मग तो वरून कितीही चांगला दिसो. आपल्याकडे डिझेल इंजिनाचा भाग तुटेपर्यंत चालवायची रीत आहे, कारण नवा भाग महाग पडतो. शर्यतवाल्यांचा हिशेब उलटा आहे. दोनशे रुपयांचा भाग वाचवायला जावे आणि वर्षाची मेहनत घाटात बंद पडावी, हे त्यांना परवडत नाही. बाथर्स्टच्या लांब उताराचे नावच पाहा ना, कॉनरॉड स्ट्रेट. फार पूर्वी, 1939 साली, तिथे एका गाडीच्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटला. तेव्हापासून त्या रस्त्याला त्या तुटक्या दांड्याचे नाव चिकटले ते आजतागायत.

गाडी पुन्हा जोडताना प्रत्येक नट ठरलेल्या जोराने आवळतात. जोर मोजायचा पाना वेगळा असतो. आवळून झाले की नट आणि त्याखालचा पत्रा यांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढतात. पुढे कधी ती रेघ तुटलेली, सरकलेली दिसली की समजायचे, नट सैल होतो आहे. दुसऱ्या माणसाला पुन्हा पाना लावून पाहायची गरज नाही, एक नजर पुरे. ही युक्ती मला फार आवडली. पैशाचा खर्च नाही, फक्त शिस्त हवी. ट्रॅक्टरला, मळणीयंत्राला करून पाहण्यासारखी आहे.

सर्वात जास्त काळजी ब्रेकची. घाट उतरताना चाकातल्या लोखंडी तबकड्या तापून लाल होतात. त्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जे ठोकळे असतात त्यांना ब्रेक पॅड म्हणतात. नवा कोरा पॅड तसाच शर्यतीत घातला तर घात होतो. पहिल्यांदा तापल्यावर त्यातून वायू सुटतो, वर काचेसारखा गुळगुळीत थर बसतो आणि मग ब्रेक दाबला तरी गाडी आवरत नाही. म्हणून पॅड आधी मुरवावे लागतात. सरावाच्या दिवशी गाडीला लावायचे, हळूहळू तापवायचे, मग पूर्ण थंड होऊ द्यायचे, काढून त्यांवर खूण करून ठेवायचे. नव्या तव्यावर पहिली भाकरी कशी नीट होत नाही, तवा दोनदा-तीनदा तापवून तयार करावा लागतो, तसलाच हा प्रकार. शर्यतीच्या दिवशी असे मुरवलेले पॅडांचे जोड फडताळात रांगेने तयार हवेत.

ब्रेकचा प्रश्न किती जीवघेणा असतो ते 1977 साली दिसले. फोर्डच्या एका संघाच्या दोन गाड्या सर्वांच्या पुढे होत्या. पुढच्या गाडीत अॅलन मॉफट, मागच्यात कॉलिन बाँड. शेवटच्या टप्प्यात मॉफटचे ब्रेक संपत आले आणि तो गाडी कशीबशी सांभाळत आणू लागला. बाँडची गाडी धडधाकट होती, त्याला पुढे जाणे सहज शक्य होते. पण संघाचा म्होरक्या मॉफट. बाँडने त्याला मागे टाकले नाही. दोन्ही गाड्या अगदी लगत चालत रेघ ओलांडून गेल्या, मॉफट पहिला, बाँड दुसरा. ते छायाचित्र ऑस्ट्रेलियात फार प्रसिद्ध आहे. बाँडने केले ते बरोबर की चूक यावर तिथले जुने लोक अजूनही बोलतात. मला विचाराल तर शर्यत पाहायला पैसे देऊन आलेल्या माणसाला ते थोडे खटकलेच असेल.

ब्रेकनंतर इंधन. एवढ्या अंतराला एक टाकी पुरत नाही, वाटेत अनेकदा थांबून भरावी लागते. थांबायच्या जागेला पिट म्हणतात. तिथे प्रत्येक संघाची आपली ओसरी, आपली माणसे, आपले टायर, आपले इंधन. गाडी आली की पोटाखालचे हवेचे जॅक तिला उचलतात, चारी चाके बदलतात, वरच्या टाकीतून जाड नळीने इंधन सोडतात, कोणी पुढच्या काचेवरचा मळका पातळ कागद ओढून काढतो. चाकाला एकच मोठा नट असतो, त्यामुळे चाके झटपट बदलतात. वेळ खाते ते इंधन. चाकवाले मोकळे होऊन उभे राहतात आणि नळी चालूच असते. म्हणून इंधनाचा एकेक लिटर मोजलेला. जास्त भरले तर उभे राहण्यात वेळ गेला आणि गाडी जड झाली. कमी भरले तर काय होते, त्याची दोन उदाहरणे सांगतो.

पहिले 1973 चे. शर्यत पहिल्यांदाच हजार किलोमीटरची झाली होती. होल्डनच्या संघाची गाडी जिंकण्याच्या बेतात होती. पीटर ब्रॉक हा तरुण त्या गाडीचा मुख्य चालक आणि त्याचा जोडीदार डग चिव्हास. एखादी फेरी आणखी ताणली तर एक थांबा सोयीचा पडेल, असा संघाचा विचार. चिव्हास गाडीत असताना इंधन संपले. उतार होता तोवर गाडी आपोआप गडगडत आली. पण पिटमध्ये शिरायच्या वाटेला थोडा चढ आहे. तिथे गाडी थांबली. नियमाप्रमाणे मदतीला कोणी बाहेर जाऊ शकत नाही. मग चिव्हास स्वतः उतरला आणि घामाघूम होत एकट्याने ती गाडी चढावर ढकलू लागला. संघाचे लोक चार पावलांवर उभे राहून ओरडत होते, हात मात्र लावता येत नव्हता. ती गाडी शेवटी दुसरी आली. पहिला आला मॉफट.

दुसरे उदाहरण 2014 चे. तोवर गाडीत वायरलेस आले होते, संगणक आले होते, दर फेरीला किती इंधन जळते ते पिटमध्ये बसून दिसत होते. त्या दिवशी एका वळणावरचे नवे डांबर उखडले, ते दुरुस्त करायला शर्यत तासभर थांबवावी लागली आणि सगळ्यांचे हिशेब कोलमडले. शेवटी जेमी व्हिन्कप हा नामांकित चालक पुढे होता. इंधन जपून चालव, असे त्याचा संघ वायरलेसवरून पुन्हा पुन्हा सांगत होता. मागचा गाठेल या धास्तीने त्याने वेग कमी केला नाही. शेवटच्या फेरीत, घाट चढताना, गाडी ठसके देऊ लागली. चॅझ मॉस्टर्ट हा तरुण त्याच्या बाजूने निघून गेला आणि जिंकला. मॉस्टर्ट आणि त्याचा जोडीदार पॉल मॉरिस यांनी शर्यत सुरू केली होती सर्वांच्या मागून, 25 व्या जागेवरून. व्हिन्कप पाचवा आला. त्याचा संघ तयारीत कमी पडला नव्हता. आकडा बरोबर होता, सांगितलाही वेळेवर होता.

इंधनावरून एक गोष्ट आपल्या ऊसवाल्या मंडळींसाठी. 2009 सालापासून या गाड्यांत 85 टक्के इथेनॉल आणि बाकी पेट्रोल असे मिश्रण वापरायला सुरुवात झाली. सुरुवातीचे इथेनॉल क्वीन्सलंड भागात उसाच्या मळीपासून काढलेले होते. गाड्यांच्या जोरात काही कमी पडले नाही. पण इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, त्यामुळे तेवढ्याच अंतराला इंधन जास्त लागू लागले, थांबे वाढले आणि संघांना जुन्या सगळ्या वह्या बाजूला ठेवून नवे हिशेब मांडावे लागले.

आता माणसाची तयारी. नियमाप्रमाणे एका गाडीला दोन चालक. दोघांनी आळीपाळीने चालवायचे, आणि मुख्य चालकच सगळ्या फेऱ्या मारील असे चालत नाही, जोडीदारालाही ठरावीक फेऱ्या माराव्याच लागतात. त्यामुळे जोडी जमवणे हीच एक मोठी परीक्षा. एक उंच आणि एक बुटका असेल तर खुर्ची कोणाच्या मापाची करायची? मग बुटक्यासाठी पाठीमागे घालायची वेगळी गादी बनवतात. चालक बदलताना तो ती गादी हातात घेऊनच गाडीत शिरतो. पट्टे सहा ठिकाणी बांधायचे, वायरलेसची तार जोडायची, पाणी प्यायची नळी जोडायची, आणि हे सगळे इंधन भरून व्हायच्या आत. बाहेर पडणाराच आत शिरणाऱ्याचे पट्टे आवळून देतो. याची तालीम शेडमध्ये रोज चालते. शेदोनशे वेळा दार उघडायचे, उतरायचे, चढायचे. तालीम पाहणाऱ्याला वेड लागले आहे असेच वाटावे. सांगायचा मुद्दा, दोघांनाही सारखीच गाडी आवडली पाहिजे. एकाला जड स्टिअरिंग आवडते, दुसऱ्याला हलके, असे असेल तर दोघांनीही थोडे मन मारायचे. संसारासारखेच ते.

गाडीच्या आत उकाडा भयंकर. छप्पर बंद, इंजिन समोर, अंगावर आगीपासून वाचवणारे जाड कपडे. आत पन्नास अंशांच्या वर पारा जातो. म्हणून आतल्या सदऱ्यात बारीक नळ्या शिवलेल्या असतात आणि त्यांतून बर्फाचे पाणी फिरवतात. शर्यतीच्या काही दिवस आधीपासून चालक मोजून पाणी आणि क्षार घेतात. तरी शरीर कधी दगा देईल सांगता येत नाही. 2018 साली डेव्हिड रेनॉल्ड्स नावाचा चालक पुढे होता. आदल्याच वर्षी त्याने ही शर्यत जिंकलेली. दिवसभर त्याची गाडी सर्वांत सरस चालली होती. शेवटच्या भागात त्याच्या पायांत गोळे येऊ लागले. पिटमध्ये गाडी जॅकवर उचललेली असताना त्याचा पाय ताब्यात राहिला नाही आणि मागची चाके हवेतच फिरली. खाली माणसे काम करत असतात, म्हणून नियमात याला दंड आहे. दंड झाला, शर्यत हातची गेली. गाडीला काही झाले नव्हते. जिंकला क्रेग लाउंड्स, जोडीदार स्टीव्हन रिचर्ड्स.

याउलट सगळे जमून आले तर काय होते? 1979 साली ब्रॉक आणि जिम रिचर्ड्स या जोडीने दुसऱ्या क्रमांकाला तब्बल सहा फेऱ्या मागे टाकले. एवढी आघाडी असताना कोणीही शेवटची फेरी सावकाश मारून घरी येईल. ब्रॉकने शेवटच्या फेरीतच सर्वांत वेगाचा विक्रम केला. हजार किलोमीटर चालून झाल्यावर त्या गाडीत तेवढा दम शिल्लक होता! त्या गाडीच्या मिस्त्रींचे नाव कुठल्या करंडकावर कोरलेले नसते, ही मला नेहमी खटकणारी गोष्ट. ब्रॉकने ही शर्यत एकूण नऊ वेळा जिंकली.

ही झाली मोठ्या संघांची गोष्ट, ज्यांच्या मागे कंपनी असते. पण बाथर्स्टची जी गोष्ट तिथे घरोघर सांगतात ती एका लहान माणसाची आहे. त्याचे नाव डिक जॉन्सन. क्वीन्सलंडमध्ये ब्रिस्बेनजवळ त्याचा पेट्रोलपंप होता, तिथेच दुरुस्तीचे काम. 1980 च्या शर्यतीसाठी त्याने फोर्ड फाल्कन गाडी स्वतः तयार केली. वर सांगितले ते सगळे, उकलणे, जोडणे, वेल्डिंग, हिशेब, घरची चार माणसे घेऊन. होते नव्हते ते त्या गाडीत घातले होते. गाडी हजारभर किलोमीटर वाहून बाथर्स्टला आणली.

आणि गाडी अशी उतरली की पाहणारे चकित झाले. कंपनीच्या गाड्या मागे पडल्या. ब्रॉकसुद्धा मागे. सतरा-अठरा फेऱ्या झाल्या, जॉन्सन सर्वांच्या पुढे. घाटात कटिंग नावाचा भाग आहे, तिथे डोंगर कापून रस्ता नेलेला, दोन्ही अंगांना उंच कडा, त्यावर प्रेक्षक बसलेले. त्या कड्यावरून फुटबॉलएवढा एक दगड रस्त्यावर आला. कोणी लोटला की आपोआप घरंगळला, यावर तिथे पुष्कळ चर्चा झाली. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला बंद पडलेली गाडी ओढून न्यायला आलेला ट्रक उभा. वाचवायला जागाच नव्हती. गाडी दगडावर गेली, तिथून भिंतीवर आदळली आणि तिचा चुराडा झाला. जॉन्सनला फारसे लागले नाही.

थोड्या वेळाने टीव्हीवाल्यांनी त्याला कॅमेऱ्यापुढे उभे केले. शर्यत देशभर दिसत होती. त्याला धड बोलता येईना, डोळे भरून आले. ही गाडी गेली म्हणजे आपले सगळेच गेले, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. आणि मग टीव्हीच्या कचेरीतले फोन वाजू लागले. लोक विचारत होते, या माणसाला पैसे कुठे पाठवायचे? कोणी पाच डॉलर, कोणी पन्नास. होल्डनवाल्यांनीही दिले म्हणतात. सगळे मिळून सुमारे 72 हजार डॉलर जमले. फोर्ड कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या कारभारात तेव्हा एड्सेल फोर्ड दुसरे होते, मूळ हेन्री फोर्डचे पणतू. लोक जेवढे देतील तेवढेच कंपनी घालील, असे त्यांनी जाहीर केले आणि घातलेही.

लोकांचा पैसा घेणे सोपे नसते. बँकेचे कर्ज फेडता येते, लोकांनी प्रेमाने दिलेले पाच डॉलर कसे फेडणार? जॉन्सनने पुन्हा गाडी बांधली. निळ्या रंगाची फाल्कन. पुन्हा तेच सगळे पहिल्यापासून. 1981 साली त्याने आधी ऑस्ट्रेलियाची वर्षभराची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली आणि ऑक्टोबरात तो बाथर्स्टला आला. जोडीदार जॉन फ्रेंच, क्वीन्सलंडचाच, वयाने मोठा, शांत डोक्याचा. तेव्हा वळसा किंचित लहान होता, 6 किलोमीटर 172 मीटरचा, म्हणून फेऱ्या 163 होत्या. (खालच्या उतारावर 1987 साली एक वळण वाढवले, त्यामुळे आजचे अंतर आले.) दिवसभर चढाओढ चालली. शर्यतीच्या शेवटाकडे निळी गाडी पुढे होती. 120 फेऱ्या झाल्या आणि माथ्यावरच्या मॅकफिलामी पार्क भागात दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, मागून येणाऱ्या आणखी काही त्यांत अडकल्या आणि रस्ता पूर्ण बंद झाला. लाल बावटा लागला. मोडक्या गाड्या लवकर बाजूला होण्यासारख्या नव्हत्या. पंचांनी 120 व्या फेरीचा निकाल धरला आणि शर्यत तिथेच संपवली.

जॉन्सन आणि फ्रेंच पहिले. 43 फेऱ्या चालवायच्या राहिल्या होत्या.